रंगमंदिराचे खरे धनी कोण?

मुंबईच्या परळ भागातील दामोदर नाट्यगृह इ. स. २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झाले, तेव्हा त्याच्या आयुष्याचे शतक पुरे होऊन एक वर्ष उलटले होते. ते चालविणाऱ्या सोशल सर्व्हिस लीग या संस्थेने जुनी वास्तू काढून त्या जागी नवी उभारण्याचे योजिले. तेव्हा नव्या बांधणीत रंगमंचाच्या वाट्यास काय येणार, आसने पूर्वीइतकी राहणार की घटणार, आणि मधल्या काळात गिरणगावच्या हौशी मंडळ्यांनी जावे कोठे, असे प्रश्न विचारण्यास कलावंत व प्रेक्षक पुढे आले. विश्वस्तांचा हेतू वाईट आहे असे म्हणण्यास आम्हांस काडीचाही आधार नाही, व तसे आम्ही म्हणतही नाही. त्या विशिष्ट वादाचा निवाडा करण्याचा अधिकारही आमचा नव्हे. परंतु त्या वादाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो एका परळचा नसून सबंध महाराष्ट्राचा आहे, व म्हणूनच त्यावर चार शब्द लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. एखादे रंगमंदिर ‘लोकांचे’ आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ काय? तो केवळ जिव्हाळ्याचा शब्द आहे, की त्यामागे काही हक्क उभा आहे? हक्क असेल तर तो कोणाचा, व कोणत्या कागदावर लिहिलेला?

या प्रश्नाचा इतिहास मुंबई शहरात फार जुना आहे. नाटकासाठी म्हणून या शहरात जे पहिले गृह बांधले गेले, ते इ. स. १७७६ मध्ये ‘बॉम्बे ग्रीन’ नावाच्या मैदानावर उभे राहिले. जागा कंपनी सरकारची व पैसा तेथील इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीचा, असा तो प्रकार होता. त्यात आमच्या लोकांस स्थान नव्हते हे खरे. तथापि त्याच्या शेवटापासून घेण्यासारखा धडा मात्र आमच्याही कामाचा आहे. वर्गणीने भिंती उभ्या राहिल्या, पण वर्गणीने दुरुस्ती झाली नाही. कर्ज वाढत गेले, आणि अखेर १८३५ साली ते नाटकगृह विकावे लागून सर जमशेटजी जिजीभाई यांच्या हाती गेले. पुढे शहरास नवे नाटकगृह हवे अशी मागणी झाली, जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या दात्याने ग्रँट रोडवर जागा दिली, आणि १८४६ साली तेथे नवे नाटकगृह उघडले. सांगलीस १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ करून दाखविणारे विष्णुदास भावे यांनी १८५३ साली आपली मंडळी मुंबईस आणली, तेव्हा याच ग्रँट रोडच्या रंगमंचावर त्यांचे खेळ झाले. सांगलीचा खेळ राजाश्रयाने झाला. मुंबईचा खेळ तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकाच्या आश्रयाने झाला. मराठी नाटक दरबारातून बाजारात आले ते येथे. बाजाराने त्यास स्वातंत्र्य दिले, पण घर दिले नाही. त्यानंतरच्या काळात आमच्या नाटकमंडळ्या गावोगाव फिरल्या, त्यांनी मोठी कीर्ती मिळविली, आणि तरीही पडदा लावण्याची जागा त्यांस बहुधा दुसऱ्याकडून भाड्यानेच घ्यावी लागली.

अशा स्थितीत परळास जे घडले त्याचे मोल वाचकांनी नीट ध्यानी घ्यावे. नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झालेले नारायण मल्हार जोशी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. गिरणीत राबणाऱ्या मजुरांस रात्रीच्या शाळा, वाचनालये व सहकारी पतपेढ्या मिळवून देणे हे तिचे काम. जोशी हे पुढे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत गणले गेले. त्या काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९२० च्या ऑक्टोबरात मुंबईत भरले, ते एम्पायर थिएटरात. म्हणजे देशातील मजुरांस आपली पहिली राष्ट्रीय सभा भरविण्यास नाटकाचे गृह घ्यावे लागले, व तेही परक्याचे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२२ साली, परळास लीगचे दामोदर ठाकरसी सभागृह उभे राहिले. नाव गिरणीमालकांच्या घराण्यातले आणि रंगमंच गिरणीमजुरांचा, असा तो योग होता. जोशी यांची वृत्ती समेटाची होती. भांडवलवाल्याचे द्रव्य मजुराच्या उपयोगी पडत असेल तर ते त्यांस वर्ज्य नव्हते. आम्हांसही ते वर्ज्य वाटत नाही. दात्याचे नाव भिंतीवर राहो. भिंतीच्या आत कोण उभे राहते हाच खरा प्रश्न.

आणि त्या भिंतींच्या आत कोण उभे राहिले? साच्यापुढे पाळी संपवून आलेला विणकर तेथे रात्री राजा झाला, खात्यातला बदली कामगार विदूषक झाला. कोकणातून पोटासाठी आलेल्या चाकरमान्यांनी आपले नमन, आपला दशावतार, आपल्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या तेथे आणल्या. घाटावरच्या मंडळींनी आपली लोकनाट्ये आणली. सहकारी मनोरंजन मंडळासारखी संस्था त्याच वास्तूच्या सावलीत वाढली. ज्यास आज ‘कामगार रंगभूमी’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, ती अशा रीतीने दिवसभराच्या श्रमानंतर उरलेल्या चार घटकांतून निर्माण झाली.

याहूनही मोठी गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण नाट्यगृहाच्या इतिहासात ती पुष्कळदा गाळली जाते. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस मोकळ्या कराव्या असा ठराव १९२३ साली मांडून संमत करून घेतला. परंतु ठराव कागदावर राहिला आणि दारे बंदच राहिली. त्याच काळात, ९ मार्च १९२४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यवर्गाच्या गाऱ्हाण्यांसाठी मध्यवर्ती संस्था काढण्याच्या विचारार्थ सभा बोलाविली, ती दामोदर सभागृहात. त्या विचारातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिची कचेरीही याच वास्तूत होती. ज्या समाजास देवाचे मंदिर बंद होते, त्या समाजाच्या चळवळीस पहिले छप्पर रंगदेवतेच्या मंदिराने दिले! हे छप्पर सरकारी असते तर हाकिमाची मर्जी पाहावी लागली असती, खाजगी असते तर मालकाची जात आडवी आली असती. ते लोकसंस्थेचे होते म्हणून दार उघडले. लोकांच्या मालकीच्या रंगमंदिराचा उपयोग काय, असे विचारणारास याहून चोख उत्तर आमच्यापाशी नाही.

यानंतरच्या दशकात बोलपटांचे युग आले. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर बोलू लागले, आणि खाजगी नाटकगृहांचे मालक एकामागून एक चित्रपटाकडे वळले. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही; ज्याने व्याजासाठी पैसा घातला तो व्याज जेथे अधिक तेथे जाणारच. अशा पडत्या काळात १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ निघाला. त्याचे प्राण असलेले डॉ. अमृत नारायण भालेराव हे धंद्याने वैद्यक करणारे गृहस्थ. पण मराठी नाटकास स्वतःचे घर असावे हा ध्यास त्यांनी घेतला. संघाने उघड्या मैदानावर नाट्यमहोत्सव भरविले, १९४४ साली मराठी रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव मुंबईत थाटाने केला, आणि गिरगावात केळेवाडीच्या जागेवर पुढे १९६४ साली साहित्य संघ मंदिराचे बंदिस्त नाट्यगृह पुरे झाले. ते पाहण्यास डॉ. भालेराव हयात नव्हते. नाट्यगृहास त्यांचे नाव मात्र आहे. परळचे मजूर आणि गिरगावचे मध्यमवर्गीय यांच्यात राहणीचे अंतर मोठे. पण दोघांनी एकच गोष्ट सिद्ध केली, की राजा नसला व सावकार नसला तरीही समाज आपले रंगमंदिर उभारू शकतो. गाव करी ते राव न करी ही म्हण आमच्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

मग आज अडचण कोठे आली? दारिद्र्य हे तिचे कारण नव्हे. दारिद्र्यात तर ही गृहे जन्मास आली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले व त्यांतील बहुतेकांच्या हातास पुन्हा काम लागले नाही. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले आणि जो प्रेक्षक पायी चालत नाटकास येई, तो डोंबिवली, कल्याण, विरारकडे फेकला गेला. प्रेक्षक दूर गेला आणि जमिनीचा भाव आभाळास भिडला, हे दोन्ही एकाच काळात घडले. रंगमंचाखालच्या भूमीचे मोल रंगमंचाच्या उत्पन्नाहून शतपट झाले. अशा वेळी नाट्यगृह चालविणाऱ्या कोणत्याही संस्थेपुढे मोठा मोह व मोठी पंचाईत, दोन्ही एकदमच उभी राहतात. खेळाचे भाडे वाढवावे तर हौशी मंडळ्या मरतात; न वाढवावे तर छप्पर गळते.

आता कायद्याकडे वळू. सार्वजनिक न्यासांच्या मिळकतीस संरक्षण देणारा १९५० चा कायदा आपल्या राज्यात आहे. त्याच्या ३६ व्या कलमान्वये न्यासाची स्थावर मिळकत विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे, तसेच इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे, धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून कायदेशीर होत नाही. कलम चांगले आहे. पण त्याची भाषा वाचकांनी बारकाईने पाहावी. ते मिळकतीच्या हस्तांतराविषयी बोलते. मिळकत कोणासही न देता विश्वस्तांनी स्वतःच जुने नाट्यगृह पाडून त्या जागी दुसऱ्या एखाद्या स्तुत्य कामासाठी इमारत बांधली, तर या कलमाच्या शब्दांत ती गोष्ट बसत नाही. बांधकामाच्या परवानगीच्या वेळी महानगरपालिकेचे नियम काय अटी घालतील त्या घालोत. न्यासाच्या कायद्याचे हे कलम भूमीची राखण करते, तीवर चालणाऱ्या कार्याची करीत नाही. संस्थेच्या घटनेत ‘समाजसेवा’ किंवा ‘शिक्षण व संस्कृती’ असे व्यापक उद्देश लिहिले असतील, तर नाट्यगृह बंद करूनही तो उद्देश पाळल्यासारखा होतो. जे तीन पिढ्यांनी ‘आमचे’ म्हटले, त्यावर त्या तीन पिढ्यांचा नाव घेण्यासारखा हक्क कागदावर कोठेच नाही, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

कोणी म्हणेल, “शाळा काढणे हे काय पाप आहे? मुलांस विद्या मिळाली तर नाटकवाल्यांनी हाय हाय का करावी?” आम्ही शिक्षणाचे कैवारी आहोत, व असा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु ज्या लीगने मजुरास रात्रीची शाळा दिली तिनेच त्यास रंगमंच दिला, याचा अर्थ तिच्या संस्थापकांस ही दोन कामे परस्परांची वैरी वाटत नव्हती. विद्येची इमारत कलेच्या पायावर उभी राहू शकते. कलेच्या थडग्यावर ती कशास उभी करावी? दुसरे कोणी म्हणेल, “वास्तू शंभर वर्षांची झाली, ती पडून माणसे मेली तर?” हे म्हणणे रास्त आहे. जीर्ण वास्तू पाडलीच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की पाडण्यापूर्वी उभारणीचा करार लोकांच्या हाती असावा.

तिसरा पक्ष म्हणतो की ही कटकटच नको. सर्व नाट्यगृहे सरकारने किंवा महापालिकेने घ्यावी. या मार्गाचे फायदे आम्ही नाकारीत नाही. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांच्या कृपेने १९१५ साली झाले, पुढे ते सार्वजनिक व्यवस्थेत आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले, तेव्हा पुनर्बांधणीसाठी राज्याच्या तिजोरीतून निधी जाहीर झाला. तेच संकट एखाद्या लहान न्यासावर आले असते तर त्यास झोळी घेऊन दारोदार फिरावे लागले असते. पण पुण्याचे उदाहरणही शेजारी ठेवावे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली पुणे महापालिकेने बांधले. ते तिचेच आहे. तरीही २०१८ साली ते पाडून नवे बांधण्याचा संकल्प महापालिकेकडूनच पुढे आला आणि त्यावर कलावंतांनी हरकत घेतली. सारांश, मालक विश्वस्त असोत की नगरसेवक, प्रेक्षकास विचारण्याची सक्ती कोणावरच नसेल तर प्रेक्षक दोन्हीकडे सारखाच उपरा. स्वराज्य म्हणजे केवळ राज्यकर्त्याचा रंग बदलणे नव्हे, हे आमच्या राष्ट्रीय चळवळीने शिकविले. तोच धडा रंगमंदिरासही लागू आहे.

तेव्हा उपाय काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीने व्हाव्या. पहिली ही की ज्या ज्या न्यासाकडे किंवा संस्थेकडे नाट्यगृह आहे, तिने आपल्या घटनेत ‘नाट्यगृह चालविणे’ हा स्वतंत्र व बंधनकारक उद्देश शब्दांत लिहावा. आणि पुनर्बांधणी झाल्यास रंगमंच व आसने पूर्वीहून कमी होणार नाहीत अशी अट त्यास जोडावी. संस्था आपण होऊन हे करील तर उत्तम. न करील तर सार्वजनिक न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींस व्यवस्थापनाची योजना ठरवून मागण्याचा मार्ग त्याच कायद्याच्या ५० अ कलमाने ठेवला आहे. अर्ज करणारे दोघेही मिळू नयेत इतकी आमच्या नाट्यप्रेमाची दशा झाली असेल, तर कायद्यास बोल लावू नये.

दुसरी गोष्ट सभासदत्वाची. वर्गणी अशी असावी की रिक्षा चालविणारास व शिक्षिकेसही ती जड जाऊ नये. सभासदांची यादी खुली असावी, निवडणूक ठरल्या वेळी व्हावी आणि जमाखर्च दरसाल छापून नाट्यगृहाच्या दारावर लावावा. संस्थापकांचे नातू व त्या नातवांचे मित्र एवढ्यांतच ज्या संस्थेचे सभासद संपतात, तिने ‘लोकांची संस्था’ हे नाव लावू नये.

तिसरी गोष्ट दुरुस्तीच्या निधीची. १७७६ च्या नाटकगृहाचा घात कर्जाने केला हे आम्ही वर सांगितले. प्रत्येक तिकिटामागे काही अल्प रक्कम निराळ्या खात्यात टाकावी व ती दुरुस्तीवाचून अन्य कामास वापरू नये. मोठ्या धंदेवाईक प्रयोगांनी अधिक भाडे द्यावे, आणि स्थानिक हौशी मंडळ्यांस, नमन-दशावतार करणारांस ते कमी असावे. हा भेद दयेचा नसून त्या वास्तूच्या जन्माचे ऋण फेडण्याचा आहे.

चौथी गोष्ट पुनर्बांधणीची. ती अटळ असेल तेव्हा नकाशा, आसनसंख्या, खर्च, पैशाची सोय, पुरी होण्याची तारीख व मधल्या काळातील पर्यायी रंगमंच ही सहा कलमे लेखी करून जाहीर सभेत मांडावी आणि सभासदांची संमती घेऊन मगच पहिली पहार घालावी. तोंडी आश्वासने पडद्यासारखी असतात. ती जितक्या सहज वर जातात तितक्याच सहज खाली येतात.

विश्वस्तांस व सरकारास इतके सांगितल्यावर आमच्या वाचकांसही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. नाट्यगृहास टाळे लागल्याचे वाचून जे हळहळतात, त्यांनी स्वतःस विचारावे की गेल्या वर्षात त्या गृहाचे तिकीट आपण किती वेळा काढले? त्या संस्थेची वार्षिक सभा कधी भरते हे तरी आपणांस ठाऊक आहे काय? वर्षभर फिरकायचे नाही, सभेस जायचे नाही, वर्गणी भरायची नाही आणि पहार पडल्यावर मात्र ‘आमचे रंगमंदिर’ म्हणून टाहो फोडायचा, ही मालकी नव्हे. हे मेल्या म्हशीस मणभर दूध म्हणणे झाले. परळच्या गिरणीकामगारापाशी वेळ नव्हता, पैसा नव्हता, कित्येकांपाशी अक्षरओळखही नव्हती. तरी पाळी सुटल्यावर तो तालमीस आला, आणि त्याच्या येण्यानेच ते सभागृह लोकांचे झाले.

दाता आपले नाव ठेवून जातो, संस्थापक आपली घटना ठेवून जातात. त्यानंतर रंगमंदिर ज्यांचे राहावयाचे त्यांनी ते दरसाल नव्याने आपले करून घ्यावे लागते. आपल्या गावच्या नाट्यगृहाची घटना, सभासदांची यादी आणि मागल्या सालचा जमाखर्च या तीन वस्तू प्रत्येक नाट्यप्रेमी गृहस्थाने येत्या महिन्यात मागून पाहाव्या अशी आमची सूचना आहे. त्या मिळाल्या तर सभासद व्हावे. न मिळाल्या तर का मिळाल्या नाहीत, हे जाहीरपणे विचारावे. विचारणारा प्रेक्षक दारात उभा आहे हे एकदा कळले, म्हणजे पुष्कळ नकाशे आपोआप दुरुस्त होतील.